हरेल तो भरेल

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या छपराखाली पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाची दोन टेबलं आहेत. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला किराणा-बिस्किटांचं छोटं दुकान, तिसरी बाजू उघडी. मनिलात अशी ठिकाणं पावलोपावली दिसतात. टेबलाची मालकीण पन्नाशीची आहे, तिला सगळे 'आते' म्हणतात. तागालोगमध्ये आते म्हणजे मोठी बहीण, पण माझ्या कानाला ती आत्याच वाटते. एका गेमचे दहा पेसो, म्हणजे आपले साधारण पंधरा रुपये. नियम एकच: हरेल तो भरेल. इथल्या भाषेत 'तालो, बायाद'.

गेल्या शनिवारी त्या नियमावरून मी आतेशी भांडलो.

गल्लीत पाण्याचे जार पोचवणारा सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा आहे. दुपारी काम संपलं की तो येतो आणि टेबल धरतो. त्या दिवशी तीन तास कोणी त्याला हलवू शकलं नाही. मीच सात गेम हरलो आणि सत्तर पेसो भरले. मग एका रिक्षावाल्याने (इथे ट्रायसिकल म्हणतात) त्याला शेवटच्या बॉलवर हरवलं. मुलाने खिसा उलटा केला, सहा पेसो निघाले. मी म्हटलं, आते, उरलेले मी देतो, खेळू दे त्याला. आते नाही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा मान हलवली. सहा पेसो घेतले, चार वहीत लिहिले आणि मुलाला घरी पाठवलं. त्याने क्यू, म्हणजे खेळायची काठी, भिंतीला टेकवला, हाताची पावडर पॅन्टला पुसली आणि निघून गेला. काळ्या पॅन्टवर पांढरी पाच बोटं उमटली होती.

मला राग आला, आणि तो रात्रभर उतरला नाही. चार पेसो! त्यात चॉकलेटसुद्धा येत नाही. पैशाचा विषय निघाला की मी इथे जरा हळवा होतो, त्यालाही कारण आहे. भारतीय माणसाला इथे 'बुंबाय' म्हणतात, आणि बुंबाय म्हणजे मोटरसायकलवरून फिरून पाच देऊन सहा वसूल करणारा सावकार, असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मी खरोखरचा मुंबईकडचा, डोंबिवलीचा. आयुष्यात कुणाला व्याजाने पैसे दिले नाहीत. चार वर्षांत हे किती जणांना सांगितलं असेल! त्या दिवशी मी उसने देत नव्हतो, नुसते देत होतो, आणि तरीही ते नाकारले गेले.

दुसऱ्या दिवशी तिथे रोज बसणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना विचारलं. त्यांना सगळे 'ताताय' म्हणतात, मीही म्हणतो. ते म्हणाले, "तू भरलेस, तर शेवटचा बॉल मारताना त्याचा हात कशाला थरथरेल? आणि आज थरथरलाच नाही, तर उद्या स्थिर राहायला कसा शिकेल?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घोळतंय, म्हणून हे लिहायला बसलो.

फिलिपिनो लोक पूलमध्ये एवढे जबरदस्त का, असं इकडे आल्यापासून मला घरचे-मित्र विचारतात. यूट्यूबवर एफ्रेन रेयेस या फिलिपिनो खेळाडूचे व्हिडिओ पाहिलेत, अशी सुरुवात असते आणि "बाकी काय उद्योग आहे त्यांना" असा शेवट. हा शेवट मला आता अजिबात ऐकवत नाही. पहिल्या वर्षी मीही जवळपास तसंच बोलायचो, भर दुपारी टेबलाभोवती उभी तरणी पोरं बघून. आता त्या टेबलावर दोन वर्षं हरल्यावर वेगळं दिसतं. हरेल तो भरेल, म्हणजे जिंकेल तो फुकट खेळेल. ज्याच्या खिशात दहाच पेसो आहेत, त्याला दिवसभर सराव करायचा असेल तर एकच मार्ग आहे: हरायचं नाही. आणि पैसे गेमचे असतात, तासाचे नसतात, त्यामुळे घड्याळाकडे बघत मारायची घाई नाही. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही चौघे मिळून तासावर टेबल घ्यायचो आणि पैसे वाटून भरायचो. कोण हरलं याला काही अर्थच नव्हता, चहा प्यायचो आणि घरी जायचो. त्या टेबलावरून जगज्जेता कसा निघणार होता?

दुसरी गोष्ट ते काय खेळतात ही. गल्लीत नाइन-बॉल, म्हणजे नऊ बॉलांचा पूल, फारसा दिसत नाही, 'रोटेशन' खेळतात. पंधरा बॉल, ज्या आकड्याचा बॉल तेवढे गुण. पांढरा बॉल आधी टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याला लागला पाहिजे. एकूण गुण 120, म्हणून 61 झाले की गेम तुमचा. ऐकायला सोपं आहे. पण 1 ते 5 हे पाचही बॉल घेतले तरी हातात पंधराच गुण, आणि शेवटचे पाच, 11 ते 15, मिळून 65. सुरुवातीला कितीही मागे पडलात तरी शेवटच्या पाचांत गेम फिरतो. म्हणून इथला खेळाडू शून्यावर असला तरी चेहरा पाडत नाही. आणि टेबलावर पंधरा बॉलांची गर्दी असताना लहान आकड्याचा बॉल नेमका कुणाच्या तरी मागे दडलेला असतो. तो सरळ दिसत नाही, कुशनवर, म्हणजे टेबलाच्या कडेवर, पांढरा आपटून गाठावा लागतो. दहा वर्षांचं पोरगं जे कोन रोज मारतं, ते बाकी जगातले खेळाडू नाइलाज झाला तरच मारतात.

एफ्रेनचा 1995 सालचा अमेरिकेतल्या रिनोतला तो प्रसिद्ध शॉट याच शाळेतला आहे. समोर अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, निर्णायक रॅक म्हणजे डाव, आणि पांढरा बॉल स्ट्रिकलंडने मुद्दाम लपवून ठेवलेला. एफ्रेनने दोन कुशन घेऊन झेडच्या आकारात पांढरा फिरवला आणि पाच नंबर पॉकेटमध्ये घातला. समालोचक ओरडले, प्रेक्षक उभे राहिले. तातायना मी तो व्हिडिओ दाखवला तर ते शांतपणे म्हणाले, "होय, रोटेशनमध्ये हा येतोच."

एफ्रेनची गोष्ट इथे कुणीही उभ्या उभ्या सांगतं, आणि सांगताना आवाज बदलतो. 1954चा जन्म, पंपांगा प्रांतातला. पाच वर्षांचा असताना त्याला मनिलात एका नातेवाइकाकडे पाठवलं. त्या नातेवाइकाचा पूल हॉल होता. मुलगा तिथे पडेल ते काम करायचा आणि रात्री टेबलावरच झोपायचा. हात पोचत नव्हता तेव्हा सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा. 1985मध्ये अमेरिकेत गेला तो सेझार मोरालेस या नावाने, कारण एफ्रेन रेयेस हे नाव जाणकारांच्या कानावर गेलं होतं आणि खऱ्या नावाने पैज लावायला कोणी उभंच राहिलं नसतं. ह्यूस्टनची स्पर्धा जिंकला. 1994मध्ये पूलची यूएस ओपन जिंकली, अमेरिकेबाहेरचा पहिला माणूस. 1996मध्ये हाँगकाँगला स्ट्रिकलंडशीच 120 रॅकची शर्यत झाली, एक लाख डॉलर्स जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला शून्य. तीन दिवस खेळून एफ्रेनने ती 120-117 अशी घेतली.

आमच्या गल्लीतलाच नियम झाला ना हा? फक्त दहा पेसोंच्या जागी लाख डॉलर्स.

1999मध्ये कार्डिफला तो जगज्जेता झाला आणि मग रांगच लागली: 2004मध्ये अॅलेक्स पगुलायन, 2006मध्ये मनिलातच रॉनी अल्कानो, 2010मध्ये फ्रान्सिस्को बुस्तामान्ते, 2017मध्ये कार्लो बियादो. बायकाही मागे नाहीत. रुबिलेन अमितने 2009 आणि 2013 अशा दोन वेळा टेन-बॉलचं विश्वविजेतेपद घेतलं, 2024मध्ये नाइन-बॉलचंही. 2023मध्ये चेझ्का सेंतेनो टेन-बॉलची जगज्जेती झाली. बुस्तामान्तेचं नाव घेताना आते छातीवर क्रूस काढते. 2002च्या विश्वस्पर्धेत खेळत असताना त्याची तान्ही मुलगी गेली. तरी तो अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि हरला. मग आठ वर्षं थांबून, दोह्यात, जिंकला.

आता थोडं आपल्याबद्दल, कारण इथे मला कोणी "भारतात हा खेळ नाही ना?" विचारलं की राहवत नाही. स्नूकर जन्मला आपल्या जबलपुरात. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले, आणि 1958मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, भारताला कोणत्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवून देणारे पहिले. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा. हे सगळं मी ऑफिसात मोठ्या आवाजात सांगतो आणि त्यात एक अक्षर खोटं नाही. पण आपलं टेबल जिमखान्यात राहिलं. माझ्या वडिलांनी डेक्कन जिमखान्याची पायरी आयुष्यात चढली नाही. आमचं टेबल होतं कॅरम.

आणि कॅरमचा विचार आला की पोटात तुटतं. वरून लोंबणारा बल्ब, बोटांना लागलेली पावडर, बोर्डाभोवती उभी राहून श्वास रोखणारी माणसं: आतेच्या छपराखाली सगळं तेच आहे. गणपतीच्या मांडवात रात्र रात्र चाललेल्या मॅचेस मी पाहिल्यात. आमच्या मंडळात एक दादा होते, राणी घेऊन रिबाउंडवर कव्हर करायचे, तेही बोलता बोलता. ते कोणत्या बाबतीत कमी होते? पुण्याचा योगेश परदेशी, मुंबईचा प्रशांत मोरे, हे जगज्जेतेच आहेत. पण त्यांच्यासाठी कुठे कोणी लाख डॉलर्स ठेवले नाहीत, आणि ते गल्लीतून जाताना ट्रायसिकल थांबत नाहीत.

दहावीच्या वर्षी बाबांनी आमचा बोर्ड माळ्यावर टाकला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एका पगारात दोन मुलं शिकवायची होती, आणि तो बोर्ड माळ्यावर गेला म्हणून आज मी इथे नोकरीत आहे. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो. इथेही मुलं पूलमध्ये गुंतून शाळा सोडतात, आणि प्रत्येक एफ्रेनमागे नुसतं टेबल धरून राहिलेले कितीतरी असतील. तातायच त्यांतले एक आहेत.

2025ची 26 जुलै मात्र मी विसरणार नाही. आठवडाभर हबागातचा पाऊस, म्हणजे इकडचा नैऋत्य मोसमी, कोसळत होता आणि मनिला पाण्यात होती. 26 जुलै म्हटल्यावर मुंबईकडच्या माणसाला 2005 आठवणारच, मी सकाळपासून अस्वस्थ होतो. गल्लीत घोट्याच्या वर पाणी होतं. टेबलांचे पाय आतेने सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवले होते, वर प्लास्टिक. आणि त्याच रात्री तिकडे जेद्दाहला विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना: कार्लो बियादो विरुद्ध गतविजेता फेडोर गोर्स्ट. इथे मध्यरात्र उलटून गेलेली. दुकानाच्या काउंटरवर एक मोबाइल उभा केलेला, त्याभोवती आम्ही तीसेक माणसं पाण्यात उभी. बियादो एकेचाळीस वर्षांचा, तरुणपणी गोल्फच्या मैदानावर कॅडी होता, लोकांच्या काठ्या उचलायचा. गोर्स्ट ऐन पंचविशीतला. पंधरापर्यंतची शर्यत आणि स्कोर एकमेकांना चिकटलेला. माझ्या शेजारी तो पाणीवाला मुलगा उभा होता आणि बियादो मारायला वाकला की ह्याचा उजवा हात हवेत मागे-पुढे व्हायचा. 15-13 झालं तेव्हा पाणी उडालं, सगळे भिजले, कुणीतरी मला मिठी मारली आणि "बुंबाय!" म्हणून ओरडलं. तेव्हा मला त्या शब्दाचं काही वाटलं नाही.

तर, पुन्हा शनिवारकडे. मुलाने सोमवारी चार पेसो आणून दिले. आतेने वहीतली ओळ खोडली आणि त्याच्या हातात पांढरा बॉल दिला. दोघंही त्याविषयी काही बोलले नाहीत.

माझा मावसभाऊ गेल्या महिन्यात कामासाठी आला होता, त्याच्याकडून सोंगट्या आणि स्ट्रायकर मागवून घेतला. बोर्ड इथल्याच सुताराकडून करून घेतला, आतून 74 सेंटिमीटर, प्लायवूड मनासारखं गुळगुळीत नाही पण चालेल. काल संध्याकाळी तो दुसऱ्या टेबलावर मांडला. ताताय बघायला आले, आते आली. मुलाने एक काळी सोंगटी उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"कुया (दादा), ह्याच्यावर नंबर कुठे आहेत?"

नंबर नसतात, म्हटलं. तुझ्या रंगाची कुठलीही आधी घे.

"कुठलीही?" त्याने बोर्डाकडे नीट पाहिलं. "मग सोपं आहे."

मी पावडर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली.