धाकट्याची उंची कमी पडली तो दिवस

मुद्दाम आज मंगळवारी रजा टाकली आणि ठाण्याहून आम्ही पाचजण खोपोलीच्या इमॅजिका या थीम पार्कला जाऊन आलो. तिकिटं काढताना मनात हिशेब चालूच होता, एवढ्या पैशांत कोकणात दोन दिवस झाले असते.

तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरसमोर धाकट्याला उंचीच्या पट्टीशी उभं केलं. कमी पडला. ढसाढसा रडला. तिथली मुलगी खाली बसून त्याला सांगत होती, खांद्यावरून येणारी ही पकड मोठ्या अंगाच्या मापाची असते, लहान शरीर तीत घट्ट बसत नाही. मला पटलं, त्याला अजिबात नाही. शेवटी आई म्हणाली, "चल, आपण खालून ताईला हात करू." वर ताई उलटी होऊन गेली तेव्हा खाली आजी-नातू दोघंही ओरडत होते. दिवसभरात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड हे असंच पार्क १९८९ साली सुरू झालं. पुढे काही वर्षांनी बाबा आम्हाला लाँचने तिथे घेऊन गेले होते. पाळणे आता धड आठवत नाहीत. खाडीचा वारा आठवतो, आणि माझं मनगट घट्ट धरलेला बाबांचा हात.

म्हणून मला विचाराल तर पैसे वसूल झाले. दरवर्षी नाही जाणार, पण मुलं आपला हात धरतात त्या वयात एकदा तरी जावंच.

येताना गाडीत सगळे झोपले होते. आईने हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी पुरेल ना रे याची उंची?"