प्रणयदृश्यानंतर कोणाला काय कळले?

शुक्रवार, रात्र

कमी खर्चात काढलेला इरॉटिक थ्रिलर, म्हणजे कामुकता आणि गुन्हा यांची गुंफण असलेला थरारपट, पाहताना मी अलीकडे एकच गोष्ट बारकाईने तपासते: प्रणयदृश्य सुरू होण्याआधी पात्रांना जे ठाऊक होते, त्यापेक्षा ते संपल्यावर कोणाला काही अधिक कळले का? कोणी काही दडवले का, कोणाची दुखरी नस कोणाच्या हाती लागली का? तसे झाले असेल तर निर्मात्याजवळ पैसे किती होते याने फारसे बिघडत नाही. तसे झाले नसेल, तर चित्रपट तेवढा वेळ जागच्या जागी थांबलेला असतो आणि नंतर त्याला बंद पडलेल्या गाडीसारखे ढकलून सुरू करावे लागते.

आज ‘नाइट आइज’ पाहिला. १९९० सालचा हा चित्रपट जगमोहन मुंध्रा यांनी अमेरिकेत दिग्दर्शित केला होता. घटस्फोटाच्या वादात पत्नीविरुद्ध पुरावा हाती यावा म्हणून एक रॉक गायक तिच्यावर पाळत ठेवण्यासाठी सुरक्षारक्षक नेमतो आणि पाळत ठेवणारा तिच्यातच गुंतत जातो. कमी पैशांत काम करणाऱ्यासाठी ही कल्पना किती सोयीची आहे, हे पाहून मला कौतुक वाटले. एक घर, मोजकी पात्रे, काही कॅमेरे आणि त्यांचे पडदे एवढ्यावर भागते. शहरभर पाठलाग नको, गर्दी नको, स्फोट नकोत. शिवाय पडद्याकडे पाहणारा तो माणूस आणि त्याच्या खांद्यावरून पाहणारे आपण, या दोघांची स्थिती एकच होऊन जाते. त्याने नजर वळवावी असे वाटते आणि वळवू नये असेही वाटते, आणि मनाची ही ओढाताण घडवून आणायला एक पैसाही जास्त लागत नाही. या चित्रपटाचे पुढे आणखी तीन भाग निघाले, ते उगीच नव्हेत. मुंध्रा यांनीच २००० साली ‘बवंडर’सारखा, अत्याचाराविरुद्ध न्याय मागणाऱ्या एका स्त्रीची कहाणी सांगणारा चित्रपट काढला, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रकारात काम करणाऱ्यांना सरसकट हिणवण्याची सवय किती उथळ आहे ते जाणवते.

तरीही हा प्रकार बदनाम झाला, आणि त्या बदनामीत बराच भाग त्याच्या स्वतःच्या करणीचा आहे.

शनिवार

या चित्रपटांचे मूळ फिल्म न्वारमध्ये, म्हणजे जुन्या हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांत, आहे. १९४४ सालच्या ‘डबल इंडेम्निटी’च्या वेळी हॉलिवूडवर हेज संहितेचा, म्हणजे चित्रपटांत काय दाखवू नये हे ठरवणाऱ्या नियमावलीचा, कडक पहारा होता आणि उघडपणे काहीच दाखवता येत नव्हते. म्हणून दिग्दर्शक बिली वाइल्डर यांनी जिना उतरणाऱ्या नायिकेच्या घोट्यावरील साखळी दाखवली. नायकाची, म्हणजे एका विमा एजंटाची, नजर तिच्यावर खिळते आणि त्या एका क्षणात पुढच्या खुनाची पायाभरणी होते. १९६८ साली ती संहिता जाऊन वयानुसार दर्जा देण्याची पद्धत आली, त्यानंतर दाखवण्याचे स्वातंत्र्य मिळाले. १९८१ सालच्या ‘बॉडी हीट’ने तीच जुनी चौकट, म्हणजे पत्नी, प्रियकर आणि मध्ये अडसर ठरणारा नवरा, नव्या मोकळेपणाने मांडली. पुढे १९८७ चा ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’ आणि १९९२ चा ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ या दोन मोठ्या चित्रपटांनी तुफान धंदा केला, आणि त्यांच्या सावलीत थेट व्हिडिओ कॅसेटवर व रात्री उशिराच्या केबल वाहिन्यांवर येणाऱ्या स्वस्त चित्रपटांची रांग लागली.

या बाजाराची एक अट मला सर्वांत घातक वाटते. असे अनेक चित्रपट दोन रूपांत विकले जात: एक दर्जा मिळालेले, काटछाट केलेले, आणि दुसरे दर्जा न घेतलेले, अधिक लांबीचे. १९९० साली एनसी-१७ हा केवळ प्रौढांसाठीचा दर्जा आला. अमेरिकेतील सर्वांत मोठी व्हिडिओ दुकानसाखळी त्या दर्जाचे चित्रपट ठेवत नव्हती, त्यामुळे मवाळ आवृत्ती हाताशी असणे निर्मात्याला भागच होते. आता पटकथालेखकाच्या जागी बसून विचार केला की घोळ कुठे होतो ते दिसते. जे दृश्य एका आवृत्तीत चार मिनिटे चालणार आणि दुसऱ्या आवृत्तीत एका मिनिटात आटोपणार, त्यात कथेचा महत्त्वाचा दुवा ठेवायचा धोका कोण पत्करील? मग लेखक शहाणपणाने ते दृश्य रिकामे ठेवतो. संवाद नाहीत, निर्णय नाही, चुकून दिसलेले पत्र नाही, खोटे बोलताना अडखळलेला आवाज नाही. आहे ती फक्त निळी प्रकाशयोजना, खिडकीच्या पट्ट्यांची सावली आणि सॅक्सोफोन. कात्री कुठेही चालवा, कथेला खरचटतही नाही. ज्या दृश्यासाठी कॅसेट भाड्याने नेली जाते तेच दृश्य कथेच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी ठरते, आणि मग प्रेक्षकही फॉरवर्डचे बटण दाबून एका दृश्यावरून दुसऱ्या दृश्यावर उड्या मारू लागतो. त्याला दोष देता येत नाही, कारण चित्रपटानेच त्याला तसे पाहायला शिकवलेले असते.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे ‘बॉडी हीट’मधील खुर्चीचा प्रसंग. हा चित्रपट काही फार स्वस्त नव्हता, पण त्यातली युक्ती स्वस्त आहे. वाऱ्यावर किणकिणणारी घंटांची माळ ऐकायच्या निमित्ताने नायक, एक वकील, नायिकेच्या घरी येतो, ती त्याला परत पाठवते, तो गाडीपर्यंत जातो आणि पुन्हा वळतो. दारे बंद आहेत. काचेपलीकडे ती निश्चल उभी राहून त्याच्याकडे पाहते आहे. तो घराभोवती फिरतो, या काचेतून त्या काचेतून डोकावतो आणि अखेर व्हरांड्यातली खुर्ची उचलून काचेवर मारतो. पहिल्यांदा पाहताना आपल्याला वाटते की आवेग त्याचा आहे, पुढाकार त्याचा आहे. चित्रपट संपल्यावर हाच प्रसंग आठवला की कळते, ती तिथे उभी राहिली होती ते याच्यासाठीच; आपण दार फोडून आत आलो असे त्याला वाटावे ही तिची गरज होती. एक माणूस, एक बाई, एक खुर्ची आणि एक काच. हे चित्रीकरण थंडीच्या दिवसांत झाले होते आणि पडद्यावरचा उकाडा सारा रचलेला होता, अंगावर फवारलेल्या पाण्याने आणि सतत फिरणाऱ्या पंख्यांनी. इतक्या साध्या सामग्रीवर उभा राहिलेला प्रसंग पाहिल्यावर ‘पैसे नव्हते म्हणून जमले नाही’ ही सबब मला पटेनाशी होते.

सोमवार

पैसे नसण्याचा खरा फटका वेळेला बसतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. रोज पटकथेची अनेक पाने चित्रित करून संपवायची असतात, तेव्हा त्वचेवर पडणारा प्रकाश नीट बसवायला सवड मिळत नाही आणि सगळ्या खोल्या सारख्याच सपाट दिसू लागतात. आवाजाकडे तर कोणी पाहतच नाही. कुजबुज हा या चित्रपटांचा जीव. पण ती नंतर स्टुडिओत डब केलेली असली की दोन माणसे एकाच पलंगावर नसून दोन वेगळ्या खोल्यांत बसून बोलत आहेत असे वाटते आणि जवळीक तिथेच संपते. पोलीस तपासाचा भागही बहुधा लंगडा असतो. पोलीस ठाणे म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागे भिंत. एकच अधिकारी सारे शोधून काढतो, आणि न्यायवैद्यक पुरावा गरजेप्रमाणे उगवतो किंवा नाहीसा होतो. अशा वेळी पोलिसांना जवळजवळ वगळून सारा संशय दोन-तीन पात्रांतच फिरवत ठेवणे अधिक शहाणपणाचे. पण तपास दाखवण्याचा मोह लेखकांना आवरत नाही.

‘बाउंड’ हा १९९६ सालचा, वाचोव्स्की या दिग्दर्शक-जोडीचा पहिला चित्रपट मला या सगळ्यावरचे उत्तर वाटतो. त्यातील बहुतेक कथा शेजारशेजारच्या दोन फ्लॅटमध्ये घडते. एकात गुंडांच्या पैशाचा हिशेब ठेवणारा सीझर आणि त्याची मैत्रीण व्हायोलेट राहतात, दुसऱ्यात तुरुंगातून सुटून आलेली कॉर्की दुरुस्तीचे काम करते आहे. व्हायोलेट स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कानातले टाकते आणि ते काढण्यासाठी कॉर्कीला बोलावते. कॉर्की सिंकखाली वाकून नळी सोडवते, कानातले काढून देते, आणि ते चुकून पडलेले नव्हते हे दोघींनाही ठाऊक असते. इथे ओढ आणि संशय एकाच क्षणी जन्माला येतात. कॉर्कीला ही बाई आवडते, आणि ही बाई ठरवून सापळा लावू शकते हेही तिला पहिल्याच भेटीत कळलेले असते. पुढे त्या दोघी गुंडांचे वीस लाख डॉलर पळवण्याचा बेत करतात तेव्हा ‘हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा’ हा प्रश्न नव्याने उभा करावा लागत नाही.

दोन फ्लॅटमधली पातळ भिंत म्हणजे या चित्रपटाचे खरे भांडवल. त्या भिंतीमुळेच शेजारचे सारे ऐकू येते, भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्या एकमेकींच्या दिशेने हात टेकवतात, आणि त्या भिंतीमुळेच घात होतो: संशय आलेला सीझर फोनवर रीडायलचे बटण दाबतो आणि घंटी शेजारच्या घरात वाजते. रक्ताने माखलेल्या नोटा धुऊन, इस्त्री करून, साऱ्या घरभर दोऱ्यांवर वाळत घातल्याचे दृश्यही असेच. एक साधी खोली, दोऱ्या आणि कागद, पण पाहताना अंगावर काटा येतो. प्रणयदृश्यांसाठी त्यांनी स्त्रियांच्या लैंगिकतेवर लिहिणाऱ्या सूझी ब्राइट यांचा सल्ला घेतला होता. पडद्यावर ते जाणवते, कारण त्या दोघी एकमेकींकडे पाहतात. अनेक स्वस्त चित्रपटांत पात्रे फक्त कॅमेऱ्याला दिसत राहतात.

लहान चित्रपटाला मोठ्यापेक्षा अधिक जमते असे काही आहे का, हा विचार आज दिवसभर डोक्यात होता. दोन गोष्टी मला निश्चित वाटतात. एक म्हणजे अनोळखी चेहरे. नामवंत नट पडद्यावर आला की तो मध्यंतरापर्यंत मरणार नाही हे आपण गृहीत धरून बसतो. अपरिचित माणसाबद्दल तशी हमी नसते, तो खुनी निघू शकतो किंवा पुढच्याच दृश्यात बळी पडू शकतो, आणि थरारपटाला एवढी अनिश्चितता फुकट मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

दुसरी म्हणजे शेवट. ‘फेटल अ‍ॅट्रॅक्शन’चा मूळ शेवट वेगळा होता, त्यात विवाहित नायकाची प्रेयसी आत्महत्या करते आणि संशय नायकावर येतो. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळांतील प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून नवा शेवट चित्रित झाला आणि नायकाचे कुटुंब वाचले. ज्यात कोट्यवधी डॉलर गुंतले आहेत त्या चित्रपटाला प्रेक्षकाला दुखवणे परवडत नाही. याउलट जॉन डाल यांच्या १९९४ सालच्या ‘द लास्ट सिडक्शन’मध्ये लिंडा फिओरेन्टिनोची नायिका सर्वांना फसवून निघून जाते, तिला पश्चात्ताप होत नाही, शिक्षा होत नाही आणि चित्रपट तिच्या वतीने कोणाची माफी मागत नाही. हा चित्रपट चित्रपटगृहांआधी केबल वाहिनीवर दाखवला गेल्यामुळे ऑस्करसाठी अपात्र ठरला, आणि तिच्या इतक्या उत्कृष्ट अभिनयाचा तिथे विचारच झाला नाही. मला याचे आजही वाईट वाटते.

एका बाबतीत मात्र काटकसरीची सबब मी ऐकून घेणार नाही. स्वस्त चित्रपटांत अभिनेत्रीची निवड पुष्कळदा ती कपडे उतरवायला तयार आहे की नाही यावर होत असे, आणि नेमके काय चित्रित होणार हे तिला सेटवर ऐनवेळी सांगितले जाई. एचबीओ या अमेरिकन वाहिनीने २०१८ साली आपल्या निर्मितींतील प्रणयदृश्यांसाठी इंटिमसी को-ऑर्डिनेटर, म्हणजे अशी दृश्ये कलाकारांच्या संमतीने बसवणारी व्यक्ती, ठेवण्याचे धोरण स्वीकारले, त्यानंतर ही पद्धत इतरत्र पसरली. ज्यांना वेगळा माणूस नेमणे परवडत नाही त्यांनाही कोणता स्पर्श कुठे, कोणत्या क्षणी आणि कुठपर्यंत, हे आधी कागदावर लिहून, दोन्ही कलाकारांशी बोलून, तालीम करता येते. याचा फायदा पडद्यावरही होतो. हालचाल ठरलेली असली की नटाचे लक्ष चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे जाते, आणि पात्र काय लपवते आहे ते तिथेच दाखवता येते.

कॅट शी यांचा १९९२ सालचा ‘पॉयझन आयव्ही’ या आठवड्यात पाहायचा आहे. स्वस्त चित्रपटांचे निर्माते रॉजर कॉर्मन यांच्याकडे अत्यल्प खर्चात काम करून आलेल्या दिग्दर्शिकेचा हा चित्रपट आहे. त्यातल्या प्रत्येक जवळिकीच्या दृश्यापुढे मी एवढेच लिहून ठेवणार आहे, की ते संपल्यावर कोणाला काय कळले आणि कोणापासून काय लपले.