खाकी कागदावरचा पाय

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. लेकीला शाळेत रोझा पार्क्सवर, म्हणजे १९५५ मध्ये अमेरिकेत गोऱ्या माणसासाठी बसमधली सीट सोडायला नकार देणाऱ्या काळ्या बाईवर, पाच मिनिटं बोलायचंय, पाठ केलेलं म्हणून दाखवत होती, "दिवसभर शिवणकाम करून दमलेली एक शांत बाई बसमध्ये बसून राहिली..." आणि मला एकदम रागच आला, लेकीवर नाही, त्या 'दमलेली'वर. अगं, हीच बाई १९४४ मध्ये रेसी टेलरच्या केसचा तपास करायला अलाबामातल्या अ‍ॅबव्हिलला गेली होती. चर्चमधून घरी चाललेल्या २४ वर्षांच्या काळ्या रेसीला गोऱ्या माणसांनी बंदुकीच्या धाकाने गाडीत घालून नेलं, सहा जणांनी बलात्कार केला, खटला चालवायचा की नाही ते ठरवणारी ग्रँड ज्युरी दोनदा बसली तरी एकावरही खटला उभा राहिला नाही. हे सगळं जवळून बघितलेली बाई अकरा वर्षांनी काय नुसते पाय दुखले म्हणून बसून राहील?

मग तिला क्लॉडेट कॉल्विनचं सांगितलं. लेकीएवढीच, १५ वर्षांची काळी मुलगी. रोझाच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ला, रोझाच्याच शहरात, अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत, तिनेही बसमधली सीट सोडली नाही, पोलिसांनी खेचून बाहेर काढली, मांडीवरची शाळेची पुस्तकं कुठल्या कुठे उडाली, बेड्या घातल्या. तिचा हा राग काही त्या एका दिवसाचा नव्हता. तिथल्या काळ्या पोरांना दुकानात बूट घालूनसुद्धा बघू द्यायचे नाहीत, घरी खाकी पिशवीवर पाय गिरवून तो कागद न्यायचा. किराण्याची पिशवी फाडून मी लेकीचा पाय गिरवला, गुदगुल्या झाल्या म्हणून आधी हसली, मग म्हणाली, "पैसे देऊनसुद्धा?" आणि क्लॉडेटच्याच शाळेतला जेरमाया रीव्हज, १६ वर्षांचा, त्याच्यावर गोऱ्या बाईवरच्या बलात्काराचा आरोप ठेवला आणि थेट मृत्युदंड! तिकडे रेसीचे सहा जण मोकळे.

"मग हिचं नाव पुस्तकात का नाही?" वय लहान, तोंडाने फटकळ, पुढे लग्नाआधीच दिवस गेले, म्हणून चळवळीतल्या तिच्याच लोकांनी तिला पुढे केलं नाही. पण बसमधला भेदभाव ज्या केसने मोडला त्या १९५६च्या केसमधल्या चार बायकांत ती होती, कोर्टात साक्ष दिली तिने. आणि पोरवयातला तो गुन्हा रेकॉर्डवरून पुसला गेला कधी, तर २०२१ला, ८२व्या वर्षी.

हे सांगता सांगता मला मागचा आठवडा आठवला आणि घशात काहीतरी अडकलं. बसमध्ये एका माणसाने लेकीला मुद्दाम कोपर मारलं, ती जोरात ओरडली आणि मी काय केलं, तर तिचाच हात दाबून "जाऊ दे, तमाशा नको" म्हटलं. क्लॉडेटच्या दुःखाशी याची तुलना नाही करायची मला, पण पोरीचा राग दाबणारा हात माझा होता. सकाळी डबा देताना तिला सांगायचंय की त्या दिवशी मी चुकले.

कागद अजून टेबलावरच आहे. ती म्हणतेय हा घेऊनच जाणार, आणि पाच मिनिटांची सात झाली तर चालेल का ते उद्या बाईंना विचारणार आहे.