आमची वाटचाल: गप्पीपासून बटरफ्लायपर्यंत

ठाण्यात भावाने आणि मी दुकान टाकलं तेव्हा सगळं गोड्या पाण्याचंच होतं, गप्पी, मॉली, गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न, शिवाय घरोघरी जाऊन टँक साफ करून द्यायचं काम. पैसे खरे त्या साफसफाईतच मिळायचे. मग एका जुन्या कस्टमरला खाऱ्या पाण्याचा टँक हवा होता म्हणून तो सेटअप केला आणि आम्ही दोघं जे त्यात पडलो ते पडलोच.

कोरल म्हणजे प्रवाळ आम्ही ठेवत नाही, विकत नाही, विचारू पण नका. 2001 पासून आपल्याकडे कोरलला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्यामुळे आमचे टँक फक्त माशांचे, आणि बटरफ्लाय हा रंगीत समुद्री मासा तसंही कोरल कुरतडतोच त्यामुळे तो अशाच टँकमध्ये शोभतो.

पण विकायला सगळ्यात कटकटीचा मासा हाच. पाणी ठीक, रोग नाही, तरी खातच नाही आणि तसाच खंगून जातो. म्हणून आमचा एकच नियम, खायला लागल्याशिवाय मासा दुकानाबाहेर जाणार नाही. साधारण महिनाभर वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये, अंगावर पांढरे ठिपके किंवा फ्लूक (अंगाला चिकटणारे बारीक परजीवी किडे) दिसले तर औषध, आणि मुख्य म्हणजे खाणं. कॉपरबँड या बटरफ्लायच्या जातीचं तोंड चिमट्यासारखं लांब, त्याला फटीतून टोचून खायची सवय, पेलेट म्हणजे तयार खाण्याचे दाणे समोर टाकलं तर बघत पण नाही. त्याला आम्ही तिसऱ्या देतो! मार्केटमधल्या कोळीण मावशींकडून ताज्या घ्यायच्या, धुवायच्या, अर्ध्या उघडून टँकमध्ये ठेवायच्या. माशाला मासळी का रे बाबा, असं त्या अजून हसतात. एकदा टोचायला लागला की हळूहळू फ्रोझन मायसिसवर, म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांवर आणायचा. कुठल्याही महागड्या इम्पोर्टेड खाण्यापेक्षा हे चालतं असं माझं स्पष्ट मत.

यात माल महिनाभर अडकतो, लाईट बिल वाढतं, कस्टमर म्हणतो शेजारच्या दुकानात आजच मिळतोय आणि स्वस्त पण, आम्ही म्हणतो घ्या मग तिकडून. धंदा म्हणून हे परवडायला बराच वेळ लागला, खोटं कशाला बोलू. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बाहेरून माल यायचा बंदच झाला, तेव्हा जुन्या कस्टमरच्या मेंटेनन्सवरच तरलो.

मेयरी किंवा ऑर्नेट या बटरफ्लायच्या जातींचा फोटो दाखवून कोणी मागितला तर सरळ नाही सांगतो, ते जवळजवळ फक्त कोरलच खातात, घरी उपाशी मरणार. नवीन माणसाला ऑरिगा किंवा रकून जातीचा बटरफ्लाय देतो, थोडा दांडगा आणि खादाड. कॉपरबँड टँकमध्ये एकच, दोन ठेवले की भांडतात. टँकमध्ये एप्टेशिया (नको असताना पसरणारं छोटं समुद्रफूल) झाला असेल तर कॉपरबँड तो बऱ्याचदा फस्त करतो, पण गॅरंटी नाही देणार, काही जण ढुंकून पण बघत नाहीत.

समुद्र एवढा जवळ, मग पाणी तिथूनच का नाही आणत, हे सगळेच विचारतात. अहो आपल्या किनाऱ्याचं पाणी बघितलंय का, आणि पावसाळ्यात तर गोडं पाणी मिसळून खारटपणाच उतरतो. आरओचं पाणी घ्या, लिटरला 35 ग्रॅमच्या हिशोबाने सॉल्ट, म्हणजे 300 लिटरच्या टँकला साडेदहा किलो. आणि उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारा चिलर पाहिजेच, तो परवडत नसेल तर आत्ता टँक घेऊच नका.

यायचं असेल तर संध्याकाळी फीडिंगच्या वेळेला या, मासा खाताना स्वतः बघा आणि मगच पैसे द्या. रविवारी मात्र नको, रविवारी आम्ही दोघं पाणी बदलत असतो.