सात पायऱ्यांचं बावखल

एप्रिलमध्ये दादाचा फोन आला. "बाय, रविवारी येशील तेव्हा आधारकार्ड आण. कागदावर सही हवीय."

कागद म्हणजे हक्कसोडपत्र. आप्पा गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं लागली. आता आईही नाही. घराच्या आणि वाडीच्या जागेतला माझा हिस्सा दादाच्या नावे सोडायला माझी कधीच ना नव्हती. वाडी त्यानं केली, आईचं आजारपण त्यानं आणि वहिनीनं काढलं. पण या वेळच्या कागदात मागच्या बावखलाचे गुंठेही होते. ते का, हे त्यानं फोनवरच सांगून टाकलं. बावखल बुजवायचं चाललंय. चार घरांपैकी तीन घरं तयार आहेत.

वसईबाहेरच्यांना बावखल म्हणजे काय ते सांगायला हवं. ते तळं नव्हे आणि विहीरही नव्हे. आमचं गाव नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला. एका अंगाला समुद्र, बाकी खाड्या आणि सखल जमीन. घर बांधायचं तर जोतं उंच हवं, केळी लावायच्या तर भराव हवा. जुन्या लोकांनी ती माती घराच्या मागूनच काढली, आणि जिथून काढली त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठत गेलं. तेच बावखल. वसईच्या पश्चिम पट्ट्यात गावोगाव अशी बावखलं होती, कुठे दोन गुंठ्यांची, कुठे चांगली ऐसपैस. आमचं चार घरांत मिळून एक. दोन घरं आमच्या भावकीची, दोन ख्रिस्ती शेजाऱ्यांची. कागदावर ज्याचा त्याचा कोपरा ठरलेला असेल, पण गाळ काढायला मे महिन्यात चारही घरची माणसं एकत्र उतरायची आणि त्या दिवशीचं जेवण आळीपाळीनं एकेका घरी असायचं.

इथे जमिनीत थोडं खोल गेलं की खारं पाणी लागतं. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्याच्या वर राहतं. पावसाळाभर बावखलातून पाणी मुरत राहिलं की विहिरींना गोडं पाणी पुरतं. जास्त उपसा झाला, मुरणं थांबलं, की खालचं खारं वर चढतं. मला हे शाळेत कुणी शिकवलं नाही. आप्पा रोज सकाळी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे. चूळ भरल्यासारखं तोंडात फिरवायचे आणि थुंकायच्या आधी क्षणभर थांबायचे. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. "गोडं आहे" म्हणाले की दिवस सुरू.

बावखलात उतरायला सात पायऱ्या होत्या. काळ्या दगडाच्या, मधोमध झिजलेल्या. मेअखेर सातही उघड्या पडायच्या आणि खाली गुडघाभर गढूळ पाणी उरायचं. पायऱ्या आम्ही खालून मोजायचो. मृगाच्या सरींत पहिली बुडायची. गौरी-गणपतीला सातवी बुडाली की आप्पा निर्धास्त. स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असायचं, त्यात दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी आप्पांच्या अक्षरात नुसते आकडे: दोन, तीन, तीन, पाच. पाहुण्यांना वाटायचं पावांचा हिशोब आहे.

काठावर रहाटाचा दगडी कठडा होता. रहाट चालताना मी पाहिला नाही, माझ्या आठवणीत किर्लोस्करचं इंजिनच आहे. पहाटे ते सुरू झालं की पाटातून पाणी केळीत जायचं. वेलची, मुठेळी, राजेळी. राजेळीची सुकेळी करायचं काम आजीचं. पिकलेली केळी अलगद सोलायची, शिरा काढायच्या, बावखलाच्या काठच्या मांडवावर चटईवर एकेक वेगळं पसरायचं. एकमेकांना लागली तर चिकटतात. संध्याकाळी दव पडायच्या आत आत न्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. सात-आठ दिवसांत हातभर केळं आटून बोटभर व्हायचं, मधासारखा रंग यायचा, आणि उन्हात धरलं तर आरपार दिसायचं. मग केळीच्याच सुक्या पानात करकचून बांधायची. मांडवाखाली बसून कावळे हाकलायचं काम माझं. दुपारभर हातात काठी आणि समोर बावखल. एक वंचक बगळा काठावर असा मान आखडून बसायचा की मातीचं ढेकूळ वाटावं, आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र.

आणि चाफा. सोनचाफ्याची आमची चाळीसेक झाडं होती. पहाटे तीनला बॅटरी घेऊन आप्पा आणि दादा आकडीनं फांदी वाकवून फुलं खुडायचे, अर्धवट उमललेलीच. पूर्ण उमललेलं फूल दादरला पोचेपर्यंत उतरतं. ओल्या फडक्यात, वर केळीचं पान घालून टोपली विरार लोकलच्या मालडब्यात चढायची. मला दादरला बँकेत नोकरी लागली तेव्हा वर्षभर ती टोपली फुलबाजारात मी पोचवली. लवकरच्या गाडीनं जायचे, टोपली देऊन स्टेशनवर चहा घ्यायचे आणि मग शाखा उघडायची वाट बघायचे. माझ्या साडीला दिवसभर चाफ्याचा वास यायचा, खातेदार बायका विचारायच्या.

याच सुमारास सगळं बदलायला लागलं होतं. १९८८-८९ पासून स्टेशनच्या दोन्ही अंगांना इमारती उठू लागल्या. नळाला पाणी नव्हतं, पण फ्लॅट विकले जात होते. मग पाणी आलं कुठून? आमच्या विहिरींतून. रात्री टँकर यायचे, मोटर लागायची, आणि पहाटेपर्यंत विहीर तळाला जायची. हे बाहेरच्यांनी येऊन केलं असं म्हणणं सोपं आहे. पाणी विकणारे आमचेच होते. माझ्या सख्ख्या काकांनी दोन उन्हाळे विकलं. त्या काळात आप्पा आणि काका यांच्यात बोलणं बंद झालं, ते काकांच्या मुलीच्या लग्नापर्यंत बंदच होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी आप्पांनी पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून म्हणाले, "मचूळ." नंतर केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. पानवेल तर गेलीच.

हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन त्याच दिवसांतलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढाकार घेतला आणि गावंच्या गावं रस्त्यावर आली. आई कधी कुठल्या मोर्चाला गेली नव्हती, ती शेजारच्या ख्रिस्ती मावशींचा हात धरून गेली. मावशींच्या अंगावर लाल लुगडं, आईच्या अंगावर निळं पातळ, हे चित्र मला अजून स्पष्ट दिसतं. २०२० साली फादर उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा बातम्यांत सगळीकडे साहित्य आणि धर्म यांच्याच चर्चा होत्या. आमच्या घरात मात्र आई म्हणत होती, "आपल्या पाण्यासाठी उभा राहिलेला माणूस." जुलै २०२४ मध्ये ते गेले. आई त्याच्या आधीच गेली होती.

मी १९९३ मध्ये लग्न होऊन वसई पश्चिमेला फ्लॅटमध्ये आले. तिथे टँकरचं पाणी मीही वर्षानुवर्षं भरलं. माझ्या शेजारच्या काकू लालबागच्या. गिरणी संपानंतर त्यांच्या घरात पगार येणं थांबलं, दहा बाय दहाच्या खोलीतली सात माणसं विखुरली आणि परवडेल तिथे, म्हणजे इकडे, आली. त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या न्हाणीत आंघोळ केली ती टँकरच्या पाण्यानं. "आमच्या विहिरी तुमच्यामुळे आटल्या" असं मी त्यांना कोणत्या तोंडानं म्हणू? पुढे सूर्या प्रकल्पाचं पाणी आलं आणि टँकर थोडे कमी झाले. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावं एकत्र करून महापालिका झाली. गावं वगळण्यासाठी किती वर्षं भांडणं, कोर्टकचेऱ्या झाल्या ते इथल्या माणसांना माहीत आहे. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. माझ्या लहानपणी नालासोपारा स्टेशनवर उतरलेल्या दहा माणसांतली सहा ओळखीची असायची.

माझी सोसायटी भातशेतीवर उभी आहे, हे मला घर घेताना कळत होतं. कळून न कळल्यासारखं केलं. जुलै २०१८ मध्ये त्याची आठवण पाण्यानंच करून दिली. १० जुलैला वसई-विरारची लोकल बंद, तळमजल्यावर कमरेएवढं पाणी, वीज गेली ती पाठोपाठच्या रात्रीही आली नाही. मिठागरांत माणसं अडकल्याच्या बातम्या मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत येत होत्या. दादाशी कसाबसा फोन लागला तर तो म्हणाला, "इथे पाणी अंगणाच्या पायरीला लागलंय. जोत्यावर नाही चढलं." दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी मागून माती काढून पुढे टाकली होती, त्या मातीवर तो कोरडा उभा होता. आणि मी तिसऱ्या मजल्यावरून गाड्या तरंगताना बघत होते.

त्या रविवारी मी आधारकार्ड घेऊन गेले. वहिनीनं चहा दिला. दादानं कागद पुढे ठेवला आणि मी म्हटलं, घराची आणि वाडीची सही आत्ता करते, बावखलाचे गुंठे वेगळे काढ.

दादा चिडला नाही. उठून म्हणाला, "चल, बघ."

मागे गेलो. बावखलावर जलपर्णीचा जाड हिरवा थर. पलीकडच्या बांधावर आता भिंत आहे आणि भिंतीमागे सात मजली इमारत. भिंतीच्या तळाला एक पाइप, त्यातून राखाडी पाणी ठिबकत होतं. दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, एक फुटका हेल्मेट. वास सांगायला नको. "डास किती आहेत विचार तुझ्या वहिनीला," दादा म्हणाला. "गेल्या वर्षी धाकट्याला डेंग्यू झाला. पाइपची तक्रार तीनदा दिली. गाळ काढायला कोण येतं आता? शेजाऱ्यांची मुलं कॅनडात, काकांचा मुलगा गाडीवर असतो रात्रंदिवस. मी एकटा उतरू? माझी साठी झाली." मग जरा थांबून म्हणाला, "तू रविवारी येतेस, बाय. मी रोज राहतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. बावखल वाचवा म्हणायला मला काय जातं? माझ्या घरात नळ आहे, तिसरा मजला आहे, महिन्याचं पेन्शन आहे. पायऱ्यांवरून घसरून पडायची भीती दादाच्या नातवंडांना आहे. तरीही सही माझ्या हातून होईना. बुजवलेलं बावखल पुन्हा खणायला कुणी येणार नाही, एवढं मला माहीत होतं. दादालाही माहीत होतं, कारण कागद त्यानं घडी करून माझ्या पिशवीत टाकला. "घरी नेऊन वाच," म्हणाला. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गेली काही वर्षं गावागावांतली तरुण मुलं बावखलं साफ करायला उतरतायत. त्यांतल्या दोघांशी मी पुढच्या आठवड्यात बोलले. मे महिन्यात दोन रविवारी बारा-चौदा मुलं आली, त्यांतली चार भिंतीपलीकडच्या इमारतीतली. एकीचे आजोबा आझमगडचे, ती कंबरभर पाण्यात उभी राहून आपल्या मित्रांना जलपर्णी मुळापासून कशी ओढायची ते शिकवत होती. वहिनीनं सगळ्यांना भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण घातलं, न खाणाऱ्यांना वेगळी वालाची उसळ. पाइप अजून तिथेच आहे. त्यासाठी आम्ही त्या सोसायटीच्या सभेला जाऊन आलो, एकदा नीट ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं नाही. पुन्हा जाणार आहोत. तीन घरांचं मत अजून बदललेलं नाही. दादाचंही नक्की काय आहे ते तो सांगत नाही.

थर निघाल्यावर पायऱ्या दिसल्या. सातही शाबूत होत्या. सर्वांत खालच्या पायरीवर गाळात रुतलेला रहाटाचा एक मातीचा लोटा सापडला, कानाजवळ दोरीची खाच पडलेला. मी तो घरी आणायला मागितला तर दादा म्हणाला, "इथेच राहू दे," आणि धुऊन कठड्यावर उपडा ठेवला.

हक्कसोडपत्र माझ्या कपाटात आहे. दादानं त्यानंतर विचारलेलं नाही, मीही विषय काढलेला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे पहिला मोठा पाऊस झाला. रात्री साडेदहाला मोबाइल वाजला. दादाचा मेसेज होता, फोटो नाही, काही नाही, नुसता एक शब्द: "पहिली."

काल रात्री "चौथी" आली.