बिली मार्टिन नावाचं प्रकरण
आज दुपारी लोळत यूट्यूबवर बेसबॉलच्या जुन्या क्लिपा बघत होतो, त्यात हा सापडला, न्यूयॉर्क यांकीज टीमचा मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच). 1977, बोस्टनचं फेनवे पार्क, त्याच्याच टीमचा खेळाडू रेजी जॅक्सन बॉलमागे रमतगमत धावला म्हणून यानं त्याला चालू इनिंगमध्येच बाहेर काढला, मग डगआउटमध्ये दोघं एकमेकांच्या अंगावर, कोच लोक मधे पडून ओढतायत आणि हे सगळं टीव्हीवर लाइव्ह!! त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची फायनल) पण जिंकले बरं का. मालक स्टाइनब्रेनरनं याला 5 वेळा मॅनेजर केला, 1979 मध्ये तर मार्शमेलो विकणाऱ्या माणसाशी मारामारी केली म्हणून हाकलला (खरंच!) आणि तरी परत बोलावला. 1989 च्या ख्रिसमसला गाडीच्या अपघातात गेला, 61 व्या वर्षी. डोकं अफाट होतं राव, पण असला बॉस मला नको.