मार्चचा पहिला मंगळवार

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे टाउन मीटिंग, गावाची वार्षिक सभा. राज्याची सुट्टीच असते. गावचे मतदार शाळेच्या जिममध्ये जमतात आणि वर्षाचं अंदाजपत्रक समोरासमोर बसून मंजूर करतात, नाहीतर तिथल्या तिथे कापतात. अशी पहिली सभा १७६२ साली बेनिंग्टनला भरली, तेव्हा व्हरमाँट नावाचं राज्यसुद्धा नव्हतं.

मी इथली नागरिक नाही, म्हणून मला मत नाही. बाजूच्या बाकांवर बसायचं. (माँटपेलियर आणि विनूस्की या शहरांत माझ्यासारख्यांना शहराच्या निवडणुकीत मत देता येतं, आमच्या गावात नाही.) तरी चार वर्षांत मी एकही सभा चुकवलेली नाही.

सभेच्या किमान तीस दिवस आधी विषयपत्रिका लागते, तिला इथे ‘वॉर्निंग’ म्हणतात. मग गावाचा अहवाल हाती येतो. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचं मीठ, रस्ता सपाट करणाऱ्या ग्रेडरचं डिझेल, वाचनालयाची मदत, सगळं त्यात ओळीओळीने. शेजारच्या आजी तो पेन्सिल घेऊन वाचतात. यंदा त्यांच्या प्रतीवर एका आकड्याभोवती दोनदा गोल केलेला होता. तो आकडा होता टेकडीच्या रस्त्याखालच्या मोरीचा.

जुलै २०२३ मध्ये इथे पूर आला आणि बरोबर वर्षाने, जुलै २०२४ मध्ये, पुन्हा आला. आमची ती मोरी दोन्ही वेळा तुंबली, पाणी रस्त्यावरून गेलं आणि रस्ता खचला. वरच्या चार घरांची वाट बंद. आता पाच जणांच्या सिलेक्टबोर्डाने, म्हणजे गावच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी, दुप्पट रुंदीची मोरी मागितली होती. केंद्राची मदत मिळाली तरी खर्च आधी गावाने करायचा, परतावा मागाहून. तोवर भार घरपट्टीवर.

आजी उठल्या. इथे एकमेकांशी थेट बोलायचं नसतं, जे काय ते मॉडरेटरला, म्हणजे सभा चालवणाऱ्याला, उद्देशून. “मॉडरेटर, चार घरांसाठी एवढा पैसा?” त्या चारांतलं एक घर त्यांच्या चाळीस वर्षांच्या मैत्रिणीचं. ती दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिने मान वर केली नाही.

मग रस्त्यांचं काम बघणारा फोरमन उठला. चिखलाने भरलेले बूट, हातात कागद नाही. त्याने सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. मार्च-एप्रिलात कच्च्या रस्त्याचा वरचा थर वितळतो, खाली जमीन गोठलेलीच असते. पाणी मुरायला जागा नाही, म्हणून गाड्या रुततात. आणि मोरी अरुंद असली की तेच पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं. “दर वर्षी खडी टाकतोय,” तो म्हणाला, “आणि दर वर्षी ती ओढ्यात जातेय.”

आजींनी रक्कम निम्मी करायची दुरुस्ती मांडली. आवाजी मतदानात कळेना कुणाची बाजू जास्त, तेव्हा लोक उभे राहिले आणि डोकी मोजली. दुरुस्ती पडली. पूर्ण रक्कम मंजूर झाली.

शेवटी एका नर्सने सुचवलं की पुढच्या वर्षीपासून दिवसभर छापील मतपत्रिकेनेच मतदान घ्या, ड्यूटीवरच्या माणसाला सकाळी दहाला येता येत नाही. तिचं म्हणणं खरं आहे. कोविडनंतर बऱ्याच गावांनी तसं केलंही. सभेच्या परवानगीने मला दोन मिनिटं बोलायला मिळाली. मी म्हटलं, मतपत्रिकेवर हो किंवा नाही एवढंच लिहिता येतं, तिच्यावर फोरमनला प्रश्न विचारता येत नाही. सभा संध्याकाळी ठेवा, मुलं सांभाळायची सोय करा, पण ही खोली मोडू नका. त्यावर वर्षभर विचार करायचं ठरलं. मला मनापासून वाटतं की ही खोली टिकावी.

त्याआधी, मधल्या सुट्टीत, शाळेच्या मुलांनी विकलेलं सूप घेऊन आजी आणि त्यांची मैत्रीण एकाच टेबलावर बसल्या. फारसं बोलल्या नाहीत. आजींनी ब्रेड अर्धा मोडून तिच्या ताटात ठेवला.

जूनमध्ये मोरीचे पाइप आले. खोदकाम सुरू झालं त्या सकाळी मी तिकडून चालत गेले तर आजी काठी टेकून तिथे उभ्या. फोरमनला काठीने दाखवत होत्या की वरचं पाणी आधी कुठल्या बाजूने उतरतं, आणि तो खड्ड्यात उभा राहून मान हलवत होता.